लग्न थांबवलं, पण घर उभं राहिलं का?

(मारेगाव येथे एकल महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे कुंभ्याकडून, मार्डीकडून, पोडावरून बाया आल्या आहेत. वेचणीचा रोज बुडवून आल्या आहेत. तेव्हा मी भाषण लांबवणार नाही. आपल्या कामात झालेली एक चूक आधी तुमच्यासमोर कबूल करते आणि मग त्यातून काय शिकलो ते बोलते.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या एका गावात आम्ही एका मुलीचं लग्न थांबवलं. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. बापाने आदल्या वर्षी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. घरात आई, ही मुलगी आणि पाठचा भाऊ. काकाने स्थळ आणलं. मुलाकडच्यांना हुंडा नको होता, लग्नाचा खर्चही तेच करणार होते. आम्हाला बातमी लागली. आम्ही १०९८ ला फोन केला, ग्रामसेवकांना गाठलं, काकाला कायदा समजावून सांगितला. लग्न मोडलं. परत येताना जीपमध्ये आम्ही गाणी म्हणत होतो.

निघताना त्या मुलीची आई दारात उभी होती. ती मला म्हणाली, "लगन त थांबोलं बाई तुमी, आता वावर कोन वाहीन?"

मी तिला काहीतरी धीराचं बोलले. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे आम्ही दुसऱ्या कामांत गुंतलो. वर्षभराने कळलं की मुलीचं लग्न लांबच्या गावी, गुपचूप झालं. आमचा राग आला म्हणून आईने हे केलं नव्हतं. लग्न मोडल्यावर दिराने बैलजोडी द्यायचं बंद केलं, पेरणी उशिरा झाली, मुलगी शाळा सोडून निंदणाला जाऊ लागली. वयात आलेली मुलगी दिवसभर वावरात एकटी, या भीतीने आईला रात्रीची झोप येईना. आम्ही कायदा घेऊन तिच्या दारात गेलो आणि आधार न देता परत आलो. ती एकटी पडली, आणि एकट्या बाईला जे सुचतं ते तिने केलं.

म्हणून आज माझा मुद्दा एवढाच आहे. संकटातल्या घरातल्या मुलामुलींना वाचवायचं असेल तर आधी त्यांची आई उभी राहिली पाहिजे. मुलीचं शिक्षण, मुलाचा रोजगार, आईचा जमिनीवरचा हक्क या तीन वेगळ्या योजना नाहीत, ते एकच घर आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लोक आता आत्महत्याग्रस्त जिल्हा म्हणून ओळखतात. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवलं. तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर बातम्यांची सवय झाली. २००१ पासून आजवर एकट्या आपल्या जिल्ह्यात पाच हजारांच्या वर शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. २०१७ च्या पावसाळ्यात तर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. प्रत्येक आकड्यामागे एक बाई आहे आणि बहुतेक बायांमागे शिकत्या वयाची लेकरं आहेत. माणूस गेल्याचा आकडा पेपरात येतो. त्या घरातल्या किती मुलांची शाळा सुटली, किती मुलींची लग्नं उरकली, किती पोरं बापाचं कर्ज फेडायला परमुलखात गेली, याचा आकडा कुठेच येत नाही.

सरकार काय देतं ते पाहू. २००६ च्या जानेवारीतल्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या पात्र ठरली तर एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ठेवीवर तेव्हाच्या आठ टक्के व्याजाने महिन्याला साडेचारशेच्या वर काही रुपये पडायचे. त्यात एका मुलीचा शाळेचा खर्च तरी निघतो का? त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते सिंचनावर, व्याजमाफीवर, बियाण्यावर गेलं. विधवेच्या घरातली मुलगी त्या हिशेबात नव्हती.

आणि पात्र ठरणंही सोपं नाही. जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, त्या कर्जाचा तगादा हवा. मक्त्याने शेती करणाऱ्याचा कागद नसतो. बिनपरवाना सावकार चिठ्ठी देत नाही. पोडावरच्या कोलाम बांधवाच्या वहितीतली जमीन अतिक्रमणाची ठरते. हे सगळे अपात्र. अपात्र माणसाची बायको मात्र पात्र माणसाच्या बायकोइतकीच विधवा असते, तिची लेकरं तितकीच उपाशी असतात. दुःखाची अशी वर्गवारी करणाऱ्या पद्धतीला आपण कधीच मान्यता दिलेली नाही.

आता घराच्या आत काय होतं ते बोलू, कारण सगळा दोष सरकारवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तेरवी झाली की पाहुणे जातात आणि खरा कारभार सुरू होतो. सासरा, दीर म्हणतात, "कागदावर सही कर, तुला कुठं तहसीलचे हेलपाटे जमणार?" तो कागद कधीकधी हक्कसोडपत्राचा असतो. बाई सही करते आणि जन्मभर राबलेलं वावर एका सहीत जातं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांतल्या ५०५ आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायांशी बोलून पाहणी केली. नवऱ्यासोबत कसलेल्या जमिनीचा हक्क ४० टक्के बायांना मिळाला नव्हता. राहत्या घराचा हक्क फक्त ३५ टक्के बायांना होता. आणि पेन्शन मिळू शकते हेच ३३ टक्के बायांना ठाऊक नव्हतं. या पाहणीनंतर, संघटनांनी पाठपुरावा केल्यावर, जून २०१९ मध्ये शासनाने निर्णय काढला. वारस नोंद, रेशनकार्ड, पेन्शन, मुलांचं शिक्षण, समुपदेशन यांत या बायांना मदत करावी असं त्यात म्हटलं आहे. निर्णय कागदावर आहे. तो गावात उतरवण्याचं काम आपलं.

जमिनीची मागणी नवी नाही हे तरुण मुलींना सांगावंसं वाटतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला होता. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेचा वाटा तर १९५६ पासूनच आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही.

मग करायचं काय? आमच्या गटाने त्या चुकीनंतर एक पद्धत ठरवली. तीच तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या गावात काय बसेल, काय नाही, ते तुम्ही ठरवा.

पहिली गोष्ट, तेरवीनंतर त्या घरी जायचं. सांत्वनाला सगळे जातात, आपण कागदाला जायचं. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो. तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद घेतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं. अर्जात बाईचं आणि सगळ्या मुलामुलींचं नाव आहे का ते पाहायचं. "मुलीचं कशाला, ती तर जाणार," असं म्हणून मुलगी गाळली जाते. अज्ञान मुलांची नावं पालक म्हणून आईच्या नावासह लागतात. तिथे आईच्या जागी काकाचं नाव घुसलं नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. आणि वाचून दाखवल्याशिवाय एकाही कागदावर अंगठा नाही की सही नाही.

दुसरी गोष्ट, महिन्याचा पैसा. संजय गांधी निराधार योजनेचे २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहेत. पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. हिशेब करा, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात कोणतं घर जगतं? ही मर्यादा वाढवा, ही मागणी आपण सोडायची नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरात कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० असतात, त्याचाही अर्ज तहसीललाच.

आणि मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची म्हणजे बाल संगोपन योजना. आई किंवा बाप गमावलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला आता महिना २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७,००० होतात. ज्या मुलीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिच्यासाठी हा अर्ज आम्ही केलाच नव्हता. रक्कम तेव्हा कमी होती हे खरं, पण तिच्या आईच्या हातात दर महिन्याला तेवढे पैसे मुलीच्या नावाने आले असते, तर ती मुलगी घरात 'ओझं' राहिली नसती. हा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो, बालकल्याण समितीचा आदेश लागतो. मारेगावहून यवतमाळ म्हणजे अख्ख्या दिवसाचा रोज आणि एसटीचं भाडं. म्हणून एकटीने जायचं नाही. दहा घरांच्या फायली एकदम घेऊन, दोघी जाणत्या बायांनी जायचं.

तिसरी गोष्ट, शाळा. आपल्या भागात मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही. ऑक्टोबरात वेचणीला म्हणून चार दिवस जाते, मग पंधरा दिवस, मग दिवाळीनंतर येतच नाही. मास्तरांकडे नाव चालू असतं, मुलगी वावरात असते. प्रत्येक गावच्या गटाने अशा घरातल्या मुलींची यादी करायची आणि वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला विचारायचं. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण ज्या गावाला गाडीच येत नाही तिथे पास काय कामाचा? गाडीच्या वेळेसाठी आगारात अर्ज देणं हेही स्त्री-हक्काचंच काम आहे. अंधारात पाच किलोमीटर चालावं लागतं म्हणून शाळा सुटलेल्या मुली तुमच्याही गावात असतील. बारावी झालेल्या मुलींना सांगा, जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. फी माफ आहे, खोलीभाडं आणि मेस माफ नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहं वाढली पाहिजेत.

चौथी गोष्ट, पोरांविषयी. स्त्रियांच्या संघटनेत मुलांचं काय, असं काही जणी विचारतात. बाप गेला की सतरा वर्षांच्या पोराला 'घरचा कर्ता' म्हणून पागोटं बांधलं जातं. त्या पागोट्याखाली बापाचं सारं कर्ज असतं. शाळा सोडून तो वणीकडे कोळशाच्या गाड्यांवर जातो, नाहीतर पुण्याला, हैदराबादला. काही जण दारूकडे वळतात आणि त्याचा मार पुन्हा आईला, बहिणीला बसतो. त्या पोराला सांगा की कायद्याने वारसावर जबाबदारी येते ती वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलगा म्हणून जन्मला, एवढ्यावर बापाचं कर्ज त्याच्या माथी मारता येत नाही. बिनपरवाना सावकार दारात आला तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडे तक्रार होते, लुबाडलेली जमीन परत मिळवता येते. पोरगं गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर "मर्द आहे, सावरेल" म्हणून सोडू नका. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना अशा घरांची चौकशी करायचं काम दिलं गेलं, १४४१६ या नंबरावर मराठीत मोफत बोलता येतं. बाप गेलेल्या घरात मुलगाही त्याच वाटेने गेल्याचं आपण पाहिलं आहे. ते पुन्हा पाहायचं नाही.

पाचवी गोष्ट पोडावरच्या बहिणींची. कोलाम समाजाची गणना शासन अतिअसुरक्षित आदिम जमातींत करतं, पण त्यांच्या मुलींवर काय वेळ येते हे शेजारच्या झरी-जामणीत आपण पाहिलं. लग्नाचं वचन देऊन फसवल्या गेलेल्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आला, पुढारी येऊन गेले. बाळाला बापाचं नाव नाही म्हणून दाखल्यावाचून, रेशनकार्डावाचून वाढणारी मुलं अजून तिथे आहेत. आपण तिथे 'बिघडलेल्या मुली' असं बोललेलं ऐकलं तर तिथल्या तिथे थांबवायचं. बिघडला तो फसवणारा ठेकेदार आणि सावकार. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्यामुळे त्यांच्या बायांना जमिनीचा हक्क मिळवणं आणखी अवघड. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बायांना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर केवळ बाई म्हणून वारसा नाकारणं समानतेच्या विरोधात आहे. आणि वनहक्काचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे असलाच पाहिजे, असं २००६ चा कायदाच सांगतो. पोडावर जाऊन प्रत्येक पट्ट्यावर बाईचं नाव आहे का, ते तपासू या.

एवढं सगळं गटानेच करायचं तर सरकार कशाला? बरोबर आहे. म्हणून मागणीही ठाम हवी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोरोनात विधवा झालेल्या बायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शासनाने 'मिशन वात्सल्य' काढलं. प्रत्येक तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि योजना त्यांच्या घरापर्यंत नेण्याचं ठरवलं. म्हणजे ठरवलं तर सरकारला दारात येता येतं. मग शेतकरी-शेतमजुराच्या विधवेच्या दारात का नाही? पात्र-अपात्र न पाहता आपल्या तालुक्यातल्या अशा प्रत्येक घरासाठी ही समिती दर महिन्याला बसली पाहिजे आणि तिच्यात आपल्या बाया असल्या पाहिजेत. बाल संगोपनाचे पैसे सहा-सहा महिने अडकता कामा नयेत. आणि ही मदत अठराव्या वर्षी तुटते, नेमकी बारावीच्या उंबरठ्यावर. शिकत असेल तोवर ती चालू राहिली पाहिजे.

शेवटी एक आठवण. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐन वेळी रद्द झालं आणि उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत काम करणारी बाई. पाहुणीला नाकारल्याचा निषेध आपण तेव्हाही केला. पण ती बाई त्या मंचावर उभी राहून न घाबरता बोलली, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणींची मान वर झाली. विधवेने मंगल कामात पुढे यायचं नाही, हा नियम तिने त्या मंचावरून मोडला. मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड गावाने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या ग्रामसभेत असा ठराव झाला का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडा. विटंबनेत आईची मान खाली गेली की मुलीलाही खाली बघायची सवय लागते.

त्या आईचा प्रश्न मी आजही विसरलेले नाही. "आता वावर कोन वाहीन?" आता आमच्या गटात असं ठरलं आहे, की ज्या घरातलं लग्न थांबवायचं त्या घरी आधी फाईल घेऊन जायचं, आणि पेरणीच्या वेळी चार घरांनी मिळून त्या बाईचं वावर आधी वाहून द्यायचं. दोन घरांत हे जमलं आहे. एका घरातली मुलगी यंदा बारावीला बसते आहे. दुसऱ्या घरात अजून भांडण चालू आहे, दीर बोलत नाही, पण सातबाऱ्यावर आईचं नाव आहे आणि मुलगी शाळेत आहे.

दोनच घरं, हे फार थोडं आहे हे मला कळतं. पण इथे आज जितक्या गावांच्या बाया बसल्या आहेत, तितक्या गावांत एक-एक घर धरलं तरी पुढच्या मेळाव्याला आपल्यात त्या मुली बसलेल्या असतील. जाताना प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका घराचं नाव वहीत लिहून जावं, आणि तेरवीची वाट न पाहता उद्याच त्या दारात जावं.

जिंदाबाद!